मुलं म्हणतात "मला देवाची सेवा करायची आहे", आणि आपण म्हणतो "आधी डिग्री"

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन निवांत बसा. नगर, सोलापूर, कोल्हापूर, मिरज, वसई, पुणे, मुंबई, कुठूनही अमेरिकेत आलेल्या आणि इथे मुलं वाढवणाऱ्या मराठी ख्रिस्ती आईबाबांसाठी लिहितेय. इतरांनी वाचलं तरी हरकत नाही. मूल वेगळ्या वाटेनं जायचं म्हणालं की पोटात गोळा सगळ्यांच्याच येतो.

गेल्या वर्षभरात ओळखीच्या तीन घरांतून जवळजवळ एकच गोष्ट कानावर आली. एका घरातली हायस्कूलमधली मुलगी म्हणाली, मला डॉक्टर नाही व्हायचं, हॉस्पिटलमध्ये चॅप्लन व्हायचंय. दुसऱ्या घरातला मुलगा कॉलेजला जायच्या आधी एक वर्ष बेघर लोकांच्या शेल्टरमध्ये काम करायचं म्हणतोय. तिसऱ्याची कम्प्युटर सायन्सची डिग्री संपत आलीय आणि त्याला सेमिनरीत जायचंय. तिन्ही घरं प्रार्थना करणारी, रविवार न चुकवणारी. आणि तिन्ही घरांत उत्तर एकच: "आधी डिग्री होऊ दे, नोकरी लागू दे, ग्रीन कार्ड होऊ दे. मग देवाची सेवा आहेच की आयुष्यभर."

या वाक्यातला "मग" हा शब्द काढून टाकायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. डिग्री नको असं मी म्हणत नाहीये. शिक्षण हवंच. पण सेवा ही रिटायरमेंटनंतर करायची गोष्ट नाही, आणि मुलाला पाचारण झालंय की नाही हे ठरवायचा अधिकार आईबाप म्हणून आपल्याकडे नाही. आपल्या हातात दुसरं काहीतरी आहे, आणि नेमकं तेच करायचं राहून जातं. ते काय, ते पुढे सांगते.

भीती खोटी नाही

आधी आपल्या बाजूने बोलते. आपण दोन बॅगा आणि एक ऑफर लेटर घेऊन या देशात आलो. कुणी बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडलं, कुणी गावी आईबाबांना घर बांधून दिलं. पाळकाच्या घरी पगार कधी होईल याचा भरवसा नसायचा, हे आपण लहानपणी जवळून पाहिलंय. पाळकसाहेबांची मुलं फी भरायला उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभी राहायची, हेही पाहिलंय. मग आपल्या मुलाने तीच वाट धरू नये असं वाटलं, तर त्यात आपला विश्वास कमी पडला असं कुणी म्हणू नये.

पण एक विसंगती आहे, ती मान्य करू या. याच मुलाचं आपण तान्हेपणी मंडळीपुढे समर्पण केलं. संडेस्कूलमध्ये वचनं पाठ करून घेतली, बक्षिसं दिली. शमुवेलाची गोष्ट सांगितली, दाविदाची सांगितली. तीमथ्याला पौलाने तरुण आहेस म्हणून कुणी तुला कमी लेखू नये असं बजावलं, हे शिकवलं. आता सतरा वर्षांचा होऊन तो म्हणतोय, तुम्ही सांगितलं ते मला खरं वाटतं. आपण शिकवलेलं त्याने मनावर घेतलं, एवढाच त्याचा गुन्हा.

आपल्या घरी विश्वास आणला कोणी? पोरांनीच

आपल्यातल्या बऱ्याच घरांत ख्रिस्ती विश्वास आला तो अमेरिकन मराठी मिशनमुळे. त्याची सुरुवात कुठे झाली माहीत आहे? मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउनला. १८०६ च्या ऑगस्टमध्ये विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी मोकळ्या रानात प्रार्थनेला जमले होते. वादळी पाऊस आला म्हणून गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले, आणि तिथेच परदेशात सुवार्ता न्यायचं त्यांनी मनावर घेतलं. आज तिथे त्याचं स्मारक आहे. बोस्टनच्या बाजूला राहत असाल तर मुलांना घेऊन जरूर जा, एका दिवसात होतं.

या पोरांच्या रेट्यामुळे १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड स्थापन झालं. त्याच विल्यम्स कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल आणि त्याच्याबरोबर सॅम्युएल नॉट, रोक्साना नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. हॉल अठ्ठावीस वर्षांचा, नॉट चोवीसचा. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना परत जायला सांगितलं, तरी ते टिकून राहिले. पुढे १८३१ मध्ये नगरला काम सुरू झालं आणि तिथून आपल्या पणजोबा-खापरपणजोबांपर्यंत पोचलं.

हे गोड करून सांगायचं नाही. हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला प्रवासात पटकीने गेला, वय एक्केचाळीस. त्याच वर्षीच्या तुकडीतली हॅरिएट न्यूएल तर भारतात कामाला लागण्याआधीच मॉरिशसला वारली, १८१२ मध्ये, एकोणीस वर्षांची. तिचं तान्हं बाळही वाटेतच गेलं. या लोकांबरोबर साम्राज्याची सावली आली, आपल्या रीतीभातींना नावं ठेवणंही आलं, हे मुलांनी वाचावं आणि त्यावर वाद घालावा. पण आपल्या आजीला अक्षरओळख ज्या शाळेत झाली ती शाळा कुणाच्या तरी लेकरांनी घर सोडल्यामुळे उभी राहिली, हेही तितकंच खरं.

त्याच तुकडीत अ‍ॅन हॅसेल्टाइन होती, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॅडफर्डची. अ‍ॅडोनिराम जडसनने तिच्या वडिलांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मुलीला मागणी घालताना त्याने गोडगोड काही लिहिलं नाही. तिला पुन्हा या जगात न पाहण्याची, समुद्राचे, रोगराईचे आणि कदाचित हिंसक मरणाचे धोके पत्करायची तुमची तयारी आहे का, असं सरळ विचारलं. बापाला असं पत्र आलं तर काय होईल? वडिलांनी निर्णय मुलीवर सोपवला. १८१२ मध्ये लग्न करून ती बावीस वर्षांची मुलगी निघाली आणि पुढे ब्रह्मदेशात राहिली.

आता उलट बाजूने पाहा. बाबा पदमनजी १८५४ मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेते झाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. घरच्यांचा विरोध सोसून. त्यांच्या आईवडिलांनाही वाटलंच असेल, पोरगा शिकला-सवरला आणि हे काय करून बसला. तीन वर्षांनी त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं, विधवांच्या हालांवरचं, मराठी कादंबरीच्या आरंभकाळातलं पुस्तक. आपण ज्यांचं नाव अभिमानाने घेतो ते सगळे कुणाच्या तरी घरची काळजी होते.

कोल्हापूरचा मुलगा, प्रिन्स्टनचं घर

हे नाव आपल्या मुलांना फारसं माहीत नसतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. रॉबर्ट वाइल्डर. जन्म कोल्हापूर, १८६३. वडील रॉयल वाइल्डर आधी नगरला आणि मग कोल्हापुरात मिशनरी. मुलगा कोल्हापुरात वाढला आणि नंतर कुटुंब अमेरिकेला परतलं, न्यू जर्सीत प्रिन्स्टनला राहायला लागलं. म्हणजे आपल्या मुलांच्या अगदी उलट प्रवास, पण अवस्था तीच. एका देशात जन्म, दुसऱ्या देशात शाळा, आणि "तू नक्की कुठला?" हा प्रश्न.

आज त्याच प्रिन्स्टनच्या आजूबाजूला, प्लेन्सबरोला, वेस्ट विंडसरला, एडिसनला आपली किती मराठी घरं आहेत!

रॉबर्ट प्रिन्स्टनमध्ये शिकत असताना रविवारी काही विद्यार्थी त्याच्या घरी प्रार्थनेला जमायचे. मुलं बैठकीच्या खोलीत, आणि त्याची बहीण ग्रेस शेजारच्या खोलीत बसून त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनला मूडींच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. अडीचशेच्या आसपास मुलं होती. शिबिर संपेपर्यंत त्यातल्या शंभर जणांनी परदेशात सेवेला जायची तयारी दाखवली, आणि त्यामागे हा बावीस वर्षांचा रॉबर्ट होता. त्या शंभरांत कॉर्नेलचा जॉन मॉट होता, ज्याला पुढे १९४६ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट म्हणून जी चळवळ पुढे हजारो तरुणांना जगभर घेऊन गेली, ती इथून निघाली.

त्यानंतर रॉबर्टला अमेरिकेतल्या कॉलेजांमधून फिरायचं होतं. वडिलांची तब्येत खालावलेली. मुलगा अडला. तेव्हा वडिलांनीच त्याला जायला सांगितलं. तो गेला. १८८७ मध्ये वडील वारले. पुढे ग्रेस आईला घेऊन पुन्हा भारतात, आपल्या दक्षिण महाराष्ट्रात, सेवेला परतली.

मला यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू? त्या आईबापांनी मुलाला मिशनरी बनवलं नाही. त्यांनी घराची बैठकीची खोली दिली. शिळोप्याच्या गप्पा नाहीत, मॅच नाही, मुलांना रविवारची दुपार दिली. आणि निघायची वेळ आली तेव्हा स्वतःच्या आजारपणाची बेडी मुलाच्या पायात घातली नाही.

एली आणि हन्ना

शमुवेलाची गोष्ट आपण मुलांना शेकडो वेळा सांगितली. एकदा आईबाप म्हणून ती पुन्हा वाचा. देव पोराला हाक मारतोय, पोरगा धावत एलीकडे जातोय, आणि म्हातारा म्हणतोय, मी नाही बोलावलं, जाऊन झोप. दोनदा तेच. आपली "आधी डिग्री" म्हणजे हेच "जाऊन झोप" आहे. पण तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात येतं. मग तो काय करतो? शमुवेलाच्या वतीने उत्तर देत नाही. हाक कुणाची आहे याची खातरजमा करायला स्वतः जात नाही. उत्तर कसं द्यायचं तेवढं शिकवतो आणि मुलाला परत पाठवतो.

आणि हन्ना. मूल मंदिरात सोडलं म्हणून तिची आई म्हणून जबाबदारी संपली नाही. ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून न्यायची. दरवर्षी नवा, म्हणजे पोरगा किती वाढलाय याचा अंदाज तिला दरवर्षी नव्याने घ्यावा लागत असणार. मूल सेवेच्या वाटेने गेलं तर आपलं काम हेच उरतं. त्याच्या अंगाला बसेल असं काहीतरी शिवत राहायचं. गेल्या वर्षीच्या मापाने नाही.

खुर्च्या लावणं ही सेवा आहे, पण एवढीच?

आता आपल्या मंडळ्यांकडे येऊ. आपल्या बहुतेक मराठी फेलोशिप महिन्यातून एकदा-दोनदा, एखाद्या अमेरिकन चर्चच्या हॉलमध्ये भाड्याने भरतात. तिथे तरुणांकडे काय असतं? खुर्च्या लावणे, स्लाइड बदलणे, साउंड पाहणे, आणि ख्रिसमसला नाटक. बाकी सगळं काकांकडे. हिशोब काकांकडे, निर्णय काकांकडे, माइक तर काकांकडेच! आणि मग दरवर्षी आपण म्हणतो, तरुण पिढी मंडळीचं भविष्य आहे. सोळा वर्षांच्या मुलाला "भविष्य" म्हटलं की त्याला कळतं, आज आपली गरज नाही.

अमेरिकेतल्या कोरियन आणि चिनी मंडळ्यांनी हे आपल्या आधी भोगलंय. त्यांची इथे जन्मलेली मुलं कॉलेजला गेली ती परत आलीच नाहीत. १९९६ मध्ये एका ख्रिस्ती मासिकात यावर लेख आला, तेव्हापासून या गळतीला "मूक निर्गमन" अशा अर्थाचं नावच पडलं. मूक, कारण भांडण झालं नाही. मुलं फक्त यायची बंद झाली.

आमच्या ओळखीत एक मुलगा आहे, मराठी बोलतो पण वाचता येत नाही. त्याला कुणीतरी एका नर्सिंग होममधल्या आजींकडे दर शनिवारी जायचं काम दिलं. आजींना इंग्रजी येत नाही, दिवसदिवस कुणाशी बोलणं नाही. हा फोनवर रोमन अक्षरांत लिहून नेलेली स्तोत्रसंहिता अडखळत वाचायचा आणि आजी त्याचे उच्चार सुधारायच्या. सहा महिन्यांत पोरगा देवनागरी शिकला. दोन वर्षांच्या मराठी शाळेने जे झालं नाही ते आजींनी केलं. त्याला कुणी सेवेचं महत्त्व समजावलं नव्हतं. काम दिलं होतं, आणि ते काम त्याच्यावाचून अडत होतं.

असं काम शोधा. फेलोशिपचा हिशोब एका कॉलेजच्या मुलीच्या हातात द्या, चुका होतील, शिकेल. आजारी माणसाच्या घरी जाताना मुलाला बरोबर न्या आणि प्रार्थना त्याला करू द्या, इंग्रजीत तर इंग्रजीत. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला विमानतळावरून आणणं, त्याला थंडीचे कपडे मिळवून देणं, गावच्या फूड पँट्रीत महिन्यातून एक शनिवार. यातलं काहीही कॉलेजच्या अर्जासाठी करायचं नाही, एवढी एकच अट घाला.

एक गोष्ट मात्र मुलांशी मोकळेपणाने बोला. आपल्या मुलांचे बहुतेक मराठी मित्र हिंदू आहेत, गणपतीत मंडळात आपण सगळे एकत्र असतो. सेवा म्हणजे मैत्रीत जाळं टाकणं नव्हे. भुकेल्याला वाढताना त्याचा धर्म विचारायचा नाही, आणि वाढलं म्हणून तो आपला झाला असंही धरायचं नाही.

फोटोतली सेवा

दोन आठवड्यांच्या मिशन ट्रिप हा इथला मोठा प्रकार आहे. एकदम वाईट म्हणणार नाही, काही मुलांचे डोळे तिथेच उघडतात. पण परदेशी गावात जाऊन भिंत रंगवायची, लहान मुलांना कडेवर घेऊन फोटो काढायचे, आणि परत आल्यावर स्टेजवर साक्ष द्यायची, यात सेवा कोणाची झाली ते विचारा. तिथल्या रंगाऱ्याला रोज मिळाला असता तर त्याचं घर चाललं असतं. मूल जायचं म्हणालं तर तीन प्रश्न पुरेत. तिथल्या लोकांनी हे काम मागितलंय का? आपण परत आल्यावर ते कोण चालवणार? आणि या वर्षी आपल्याच गावात तू काय करतोयस?

तरुणांच्या सेवेत प्रश्न विचारणंही आलं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. ज्यांच्या आश्रयाला होत्या त्या वॉन्टेजच्या सिस्टरांशी त्यांनी श्रद्धेच्या गोष्टींवरून खूप वाद घातले. मुलगी मनोरमा, तिला धर्माचं काय शिकवायचं यावरूनही त्या मागे हटल्या नाहीत. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला आल्या, या देशात ठिकठिकाणी बोलल्या, आणि १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन उघडलं. वाद घालणारी ही तरुण बाई कुणाला तेव्हा उद्धट वाटली असेल. तुमची मुलगी बायबल स्टडीत "हे मला पटत नाही" म्हणाली, तर ती दूर चाललीय असं लगेच समजू नका. आणि मनोरमा? तीही पुढे अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात शिकली, आणि परत जाऊन केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईच्या बरोबरीने राबली.

काही व्यवहाराचं

"मग" काढून टाका म्हणजे डोळे मिटून उडी मारू द्या असं नाही. इथे आईबापांची गरज खरी आहे.

डिग्री की देव, हा सवालच मुळात चुकीचा आहे. इथल्या मुख्य प्रवाहातल्या मंडळ्यांत पाळक व्हायला लागणारी एम. डिव्ह. ही बॅचलर्सनंतरची, साधारण तीन वर्षांची पदवी आहे. म्हणजे कॉलेज करायचंच आहे. हॉस्पिटल, सैन्य, विद्यापीठं इथे चॅप्लन ही पगारी नोकरी असते. हॉस्पिटलसाठी बहुधा एम. डिव्ह. आणि वर रुग्णांसोबतचं खास प्रशिक्षण लागतं. सेमिनरी निवडताना मान्यता आहे का आणि कर्ज किती होईल, हे आधी पाहा. कर्जात बुडालेला पाळक मंडळीलाही भारी पडतो आणि स्वतःलाही.

एक वर्ष सेवेचं म्हणजे वाया गेलेलं वर्ष नाही. प्रवेश मिळाल्यावर बरीच कॉलेजं एक वर्ष थांबायची परवानगी देतात, पण ती लेखी घ्या. खुद्द प्रिन्स्टन २००९ पासून निवडक नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाआधी नऊ महिने परदेशात समाजसेवेला पाठवतं. तो कार्यक्रम धार्मिक नाही, पण "वर्ष फुकट गेलं" असं तिथे कुणी म्हणत नाही. पदवीनंतरसाठी कॅथलिकांकडे जेझुइट व्हॉलंटियर कोअर आहे, १९५६ पासून. साधं राहायचं, चार-पाच जणांनी मिळून घर चालवायचं आणि गरिबांसाठीच्या संस्थेत पूर्ण वेळ काम. वसईच्या मंडळींनी जरूर माहिती काढावी. पदवीनंतर मध्ये खंड पडला की फेडरल स्टुडंट लोनची सहा महिन्यांची सवलत सुरू होते, तेवढं लक्षात ठेवा.

व्हिसा असेल तर फार जपून. एच-४ वरचं मूल एकविसाव्या वर्षी त्या स्टेटसमधून बाहेर पडतं. एफ-१ वर असेल तर सेमिस्टर सोडण्याआधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. सेवा-वर्षात राहणं-जेवण आणि थोडे पैसे मिळतात, ते "काम" धरलं जाऊ शकतं. धार्मिक कामासाठी आर-१ हा वेगळा व्हिसा आहे, त्याला त्या पंथात किमान दोन वर्षं सभासद असावं लागतं. वकिलाला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुरक्षितता. "देवाचं घर आहे" म्हणून डोळे झाकू नका. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांना २००२ मध्ये डॅलसला मुलांच्या संरक्षणाची सनद करावी लागली, सदर्न बॅप्टिस्टांचा चौकशी अहवाल २०२२ मध्ये आला. कुठलाही पंथ यातून सुटलेला नाही. तेव्हा विचारा: काम करणाऱ्या मोठ्यांची पार्श्वभूमी तपासलीय का? मुलाबरोबर एकटा मोठा माणूस कधी नसेल, असा नियम आहे का? मूल घरी केव्हाही फोन करू शकेल ना? आणि एखादा नेता म्हणाला, "हे आईबाबांना सांगू नकोस" किंवा "माझं ऐकणं म्हणजे देवाचं ऐकणं", तर मुलाला त्याच दिवशी घरी आणा. आपल्या मराठी फेलोशिपनाही हेच नियम हवेत. ओळखीचे काका असले म्हणून सूट नाही.

ढकलूही नका

अडवणारे आईबाप आहेत तसे ढकलणारेही आहेत. पोराला गिटार येते म्हणून त्याला वर्शिप लीडर करून टाकायचं. अमक्यांचा मुलगा यूथ पास्टर झाला, तू काय करतोस, असं जेवताना ऐकवायचं. आपण देवाला बोललेला नवस मुलाने फेडायचा. यातून तयार होतो तो सेवक नव्हे, दमलेला पोरगा. तो पंचविसाव्या वर्षी गिटार आणि मंडळी दोन्ही सोडतो.

ज्या मुलाला सेमिनरीत जायचं नाही, तोही कमी नाही. प्रामाणिकपणे कोड लिहिणारा, सहकाऱ्याची आई गेली तर त्याच्याजवळ जाऊन बसणारा इंजिनियर देवाची सेवाच करतोय. आपल्या मंडळ्यांत पाळकाला वरची पायरी आणि बाकीच्यांना खालची, असा एक जिना आपण उगाच बांधून ठेवलाय. मुलं तो बघतात.

तीमथ्याच्या घरात विश्वास आजी लोईसकडून आई युनीकेकडे आणि तिच्याकडून त्याच्याकडे आला, असं पौल आठवण करून देतो. पण तीमथ्याला पुढे कुठे जायचं हे आजीने किंवा आईने ठरवल्याचं कुठे लिहिलेलं नाही. विश्वास घरात मिळाला, पाचारण त्याचं स्वतःचं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी मूल हे बोललं की लगेच उत्तर देऊ नका. विचारा, "तुला हे कधीपासून वाटतंय?" आणि मग गप्प बसून ऐका. आपल्याला हे सगळ्यात अवघड जातं, मला माहीत आहे. त्यानंतर म्हणा, चल, या शनिवारी कुठेतरी मिळून जाऊ, काम करून बघू. हाक खरी असेल तर कामात टिकेल. नसेल तर मूल एका शनिवारी कुणाच्या तरी उपयोगी पडलं, त्यात कुणाचंच काही गेलं नाही.

तुमच्या फेलोशिपमध्ये तरुणांच्या हातात खरं काम काय आहे, ते लिहा. आणि काहीच नसेल तर पुढच्या बैठकीत हा विषय तुम्हीच काढा, कुणी काढायची वाट पाहू नका.